गमऱ्यांची अठ्ठावन्न कार्डं

सानपाड्यात माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, आणि त्या दुकानातून शाईची बाटली नेणारं गिऱ्हाईक एकच आहे. सिताराम गमरे. आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्यासाठी बाटली मागवली की होलसेलवाला दर वेळी विचारतो, "मुस्तफाभाई, तो म्हातारा अजून चालू हाय का?" मी सांगतो, चालू आहे, आणि तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त चालेल.

जेल पेन नेणारा माणूस दुकानात अर्धं मिनिट थांबतो. गमऱ्यांना शाई घ्यायला अर्धा तास लागतो. बाटली उजेडात धरून बघतात, झाकण उघडून वास घेतात, मग म्हणतात, "या वेळची पातळ वाटते." मी म्हणतो, "अहो गमरे, शाई आहे ती, दूध नाही." ते हसतात आणि खिशातून स्वतःचं काळं पेन काढून माझ्या बिलबुकाच्या मागच्या पानावर दोन ओळी लिहून बघतात. काय लिहितात? काहीही. 'आज पुन्हा पाणी आले नाही.' 'मुस्तफाभाईंना साखर कमी करण्यास सांगणे.' माझी बायको हलिमा ती पानं फाडू देत नाही, म्हणून दुकानात मागची पानं भरलेली बिलबुकं पडून आहेत आणि मी तिच्यावर दर दिवाळीला चिडतो.

त्यांची लिहिण्याची एक पद्धत आहे. आधी सगळ्या शब्दाची अक्षरं नुसतीच लिहून घेतात, डोक्यावर रेघ न देता. तोपर्यंत अक्षरं बोडकी दिसतात. मग क्षणभर थांबून वरून एकच रेघ ओढतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात. ती ओढताना त्यांचा श्वास थांबलेला असतो. मी समोर उभा असलो तर माझाही थांबतो. पाय ठणकत असोत की डोक्याला ताप असो, त्या रेघेपुरता माणूस सुखी असतो, हे मी पाहिलंय.

लोकांना वाटतं, ज्याला मशीन जमत नाही तोच हातानं लिहितो. तसं नाही. गमरे कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका गोदामात तेहतीस वर्षं कारकून होते. कंप्युटर आला तेव्हा सगळ्यांत आधी तेच शिकले आणि बाकीच्यांना त्यांनीच शिकवलं. त्यांना सगळं येतं. त्यांना हातानं लिहायला आवडतं, एवढंच. पण ही गोष्ट कुणाला पटत नाही. आवडीला आजकाल कारण मागतात.

गमरे मूळचे खेडकडचे, वाकणवाडीचे. त्यांच्या गावच्या बौद्धवाडीचं इथे मुंबईला मंडळ आहे आणि गमरे त्याचे एकतीस वर्षं चिटणीस. मंडळात अठ्ठावन्न घरं. कुणी विक्रोळीला, कुणी कळव्याला, कुणी नालासोपाऱ्याला. दर मार्चला वार्षिक सभा, आणि सभेचं आमंत्रण म्हणजे गमऱ्यांच्या हातचं पोस्टकार्ड. अठ्ठावन्न घरांना अठ्ठावन्न कार्डं. वरचा मजकूर सगळ्यांना सारखा: जयभीम, वार, वेळ, ठिकाण, विषय. पण खाली उजव्या कोपऱ्यात एक ओळ ज्याची त्याची वेगळी. 'गुडघ्याला तेल लावता का?' 'धाकटीचा निकाल कळवणे.' 'मागल्या सभेला रागावून गेलात, या वेळी जेवून जा.' मी एकदा विचारलं, एवढ्यांचं एवढं लक्षात कसं राहतं? म्हणाले, "लिवताना आठवतं. बोलताना नाय आठवत."

या सगळ्याच्या मुळाशी त्यांची आई आहे, गोजराबाई. अर्धा जन्म अंगठा लावला त्या बाईनं. रेशनला अंगठा, जमिनीच्या कागदाला अंगठा. नवरा धाकू गेल्यावर मुंबईला लेकाकडे आली, तेव्हा पन्नाशी उलटली होती. मंडळाच्या सभेत हजेरीसाठी तिच्यापुढे शाईचं पॅड सरकवलं, तेव्हा चार बायकांसमोर तिला लाज वाटली. घरी येऊन लेकाला म्हणाली, मला माझं नाव शिकव. गमऱ्यांनी पाटी आणली. वर्षभर लागलं. पुढच्या सभेला गोजराबाईनं रजिस्टरात सही केली, 'गोजरा धाकू गमरे', आणि सभा तेवढ्यासाठी थांबली होती, असं गमरे सांगतात. तिची पद्धत लेकाच्या बरोब्बर उलटी होती. आधी रेघ ओढायची आणि मग तिच्यावर एकेक अक्षर लटकवायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. गमरे म्हणायचे, "आये, आधी अक्षर." ती म्हणायची, "दोरी नसंल तर धरू कशाला?"

तर गेल्या मार्चच्या सभेला माणसं आली नऊ. अश्विन म्हणून मंडळाचा तरुण उपचिटणीस आहे, महाप्याला नोकरीला, हुशार आणि स्वभावानं चांगला. त्यानं व्हॉट्सॲपचा ग्रुप काढला होता. तो म्हणाला, "काका, तुमी टेन्शन नका घेऊ, पण कार्डं आता बंद करूया. रजिस्टर पण कंप्युटरवर घेऊ. एवढं लिहून नऊ माणसं येतात, मग उपयोग काय?" गमऱ्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "एक वर्ष दे. पुढल्या सभेला तीस माणसं आली नाहीत, तर कार्डं बंद, रजिस्टर बंद, मी पन बंद." अश्विन हो म्हणाला. गमऱ्यांनी घरी येऊन रागानं ग्रुप सोडला. हा त्यांचा पोरकटपणा होता आणि मी तो त्यांना तोंडावर सांगितला.

वर्षभर त्यांनी माझ्याकडून तीन बाटल्या शाई नेली. कार्डांचा सराव चालू होता म्हणा ना. पोस्टात कार्डं आता सहज मिळत नाहीत, तीन पोस्ट ऑफिसं फिरून त्यांनी अठ्ठावन्न जमवली. आणि सभेला तीन आठवडे राहिले असताना जुनी रजिस्टरं काढायला स्टुलावर चढले, स्टूल एकीकडे गेलं आणि गमरे दुसरीकडे. उजवं मनगट मोडलं. बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टर, सहा आठवडे.

मी बघायला गेलो तेव्हा हात गळ्यात बांधून बसले होते आणि टीपॉयवर पेन ठेवलं होतं. चहा घेतला नाही. "मुस्तफाभाई," म्हणाले, "दुखत नाय हो. पन सकाळी उठल्यावर हाताला काय करायचं तेच कळत नाय." इतक्या वर्षांत या माणसाचा चेहरा एवढा पडलेला मी बघितला नव्हता. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडतो, म्हणून मी म्हणालो, "मग सुनेला सांगा ना लिहायला, पदवी घेतलीय तिनं."

सून अस्मिता. मुलगा अंकुश, त्याची बायको. जालन्याकडची पोर, बेलापूरला ऑफिसात काम करते, जीभ तिखट आणि मन सरळ. ती म्हणाली, "बाबा, मी बारावीनंतर सहीशिवाय काही लिहिलेलं नाही. पण तुम्ही सांगा, मी लिहिते."

रोज संध्याकाळी ऑफिसातून आली की जेवणाच्या टेबलावर बसायची. सासरे शेजारी. पहिले दोन दिवस भांडणातच गेले. "त्या वेलांटीला जरा जागा दे." "बाबा, वेलांटी आहे, तिला फ्लॅट लागत नाही." दहाव्या कार्डाला तिनं पेन खाली ठेवलं आणि बोटं चोळत बसली. विसाव्या कार्डाला सासऱ्यांनी टोकणं सोडलं. चाळिसाव्या कार्डाला अंकुशनं जेवायला हाक मारली तर ती म्हणाली, "थांब, हे होऊ दे." नंतर मला दुकानात सांगत होती, "काका, दिवसाला माझे शंभर मेल जातात. पाठवल्यावर एकही परत बघावासा वाटला नाही. काल एक कार्ड मी तीनदा बघितलं. माझं अक्षर बरं आहे हो." आणि स्वतःसाठी शाईचं पेन मागितलं. माझ्याकडे नव्हतं. तेव्हापासून मी दोन ठेवायला लागलो.

एकच गोष्ट राहिली, कोपऱ्यातली ओळ. ती सांगायला गमरे तयार होईनात. अस्मितानं विनवलं, पण म्हणाले, "ते दुसऱ्याला सांगून लिवायचं नसतं गं." डाव्या हातानं एकदा प्रयत्न केला, शाईचा गोळा झाला, पेन ठेवून दिलं. तेवढं एक कार्ड अस्मितानं खाडाखोड करून कसंबसं वाचवलं. मग कोपरे तसेच कोरे राहिले. खाली लिहिलं, 'चिटणीसांच्या वतीने, अस्मिता अंकुश गमरे.'

आता माझा गुन्हा. अस्मिता सकाळी ऑफिसला जाताना कार्डं पोस्टात टाकणार होती. बॅगेत डबा, डब्यात कैरीचं लोणचं. माझ्या दुकानापाशी तिनं बॅग उघडली तेव्हा लोणच्याचं तेल कार्डांच्या गठ्ठ्यात शिरलेलं, सगळ्या कार्डांचा खालचा उजवा कोपरा पिवळा. तिचा चेहरा रडवेला झाला. "बाबांना नका सांगू. परत कार्डं मिळणार नाहीत." मी म्हटलं, दे इकडे. माझ्याकडे कागद कापायचं मोठं कटर आहे. गठ्ठा ठोकून सरळ केला, तिरका धरला आणि दांडा दाबला. अठ्ठावन्न कोपरे एका दमात. मजकुराला धक्का नाही. काप इतका साफ आला की मी स्वतःवर खूष झालो. चांगलं दिसतंय, जरा डिझाइनसारखं, असं मीच म्हणालो. अस्मिता 'थँक्यू काका' म्हणून पळाली आणि कार्डं पेटीत पडली.

मी मूळचा म्हसळ्याकडचा. लहानपणी गावात पोस्टमन बघितलेला माणूस. मला आठवायला हवं होतं. पण तीस वर्षं झेरॉक्स काढून डोकंही मशीनसारखं होतं. काचेवर ठेवाल तेवढंच त्याला दिसतं.

सभेचा रविवार. दुकान हलिमावर सोपवून मी गमऱ्यांबरोबर निघालो, कारण तिन्ही रजिस्टरांची पिशवी उचलायला त्यांना हात नव्हता. समाजमंदिराच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. अस्मितानं चहा आणला. अश्विन खूष होता. म्हणाला, ग्रुपवर पण नोटीस टाकलीय, रिस्पॉन्स चांगला आहे, चाळीस जणांनी हात जोडलेत. दहा वाजले, कुणी नाही. गमरे पहिल्या खुर्चीत बसून डाव्या हातानं बिस्किट चहात बुडवत होते. दाराकडे बघत नव्हते, म्हणजे सगळं लक्ष दाराकडेच होतं.

सव्वादहाला बाहेर रिक्षा थांबल्या. एक नाही, बारा-तेरा. दारात कमळाकर उभे राहिले. हे मंडळाचे माजी अध्यक्ष, कळंबोलीला ट्रान्सपोर्टात होते, गमऱ्यांचे जुने दोस्त. अंगात पांढरा शर्ट, पांढरी पँट. मागे पांढऱ्या साड्यांतल्या बायका. कुणाच्या हातात मेणबत्त्या, कुणाच्या हातात पांढरी फुलं. कमळाकरांनी हॉलमध्ये बघितलं आणि जागच्या जागी थांबले. मागचे त्यांच्यावर आदळले.

गमरे बिस्किट हातात धरून उठले. "कोन गेलं?"

कमळाकर म्हणाले, "तू."

"कधी?"

"मंगळवारी कार्ड आलं."

आणि त्यांनी खिशातून कार्ड काढलं. कोपरा कापलेलं. ते बघताच मला आठवलं. आमच्या कोकणात पूर्वी कुणी गेल्याचं कार्ड पाठवायचं, तर त्याचा कोपरा फाडून पाठवत. असं कार्ड कुणी घरात नेत नसे. उंबऱ्यावरच उभं राहून कुठे आणि कधी जायचं एवढं वाचायचं आणि बाकीचं बघायचं नाही. मी अठ्ठावन्न घरांना गमरे गेल्याचं कळवलं होतं, तेही कटरनं.

"अक्षर पन तुजं नाय," कमळाकर म्हणाले. "खाली ओळ नाय. एकतीस वर्षांत तुज्या कार्डाला ओळ नाय असं झालं नाय. मग समजायचं काय आमी? फोन करनार कुनाला? ग्रुपवर पन तू नाय. अश्विननं सभेचं टाकलं, आमी हात जोडले."

अश्विननं फोन काढून ते चाळीस हात पुन्हा नीट बघितले आणि फोन खिशात ठेवला.

मी पुढे होऊन लोणच्यापासून कटरपर्यंत सगळं कबूल केलं. अस्मिता ओढणीत तोंड लपवून हसत होती की रडत होती, कळेना. गर्दीतून सखूमावशी पुढे आली. गोजराबाईची धाकटी बहीण, पंच्याऐंशीची, कळव्याहून काठी टेकत आलेली. तिनं गमऱ्यांचा गाल चाचपला, प्लास्टर चाचपलं आणि म्हणाली, "हाय. जिता हाय." मग खुर्चीत बसून तिनं पाणी मागितलं.

मला वाटलं, आता लोक चिडतील. पण कमळाकरांनी खिशातून घडी केलेले चार कागद काढले. "शोकसभेचं भाषन लिवलंय. दोन दिवस लागले. आता आलो हाय तर वाचनार."

"अरे, मी समोर बसलोय," गमरे म्हणाले.

"तू गप बस. मेलेला मानूस मदी बोलत नाय."

आणि त्यांनी वाचलं. "कालकथित सिताराम धाकू गमरे यांना विनम्र अभिवादन." आमच्यात मरहूम म्हणतात, त्यांच्यात कालकथित. पहिल्या पानाला लोक हसून हसून बेजार झाले. गमरेही हसले. तिसऱ्या पानावर कमळाकरांचा आवाज बदलला. त्यांची मुलगी मीना दहावीला नापास झाली होती ते वर्ष. घरात कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. सभेचं कार्ड आलं, कोपऱ्यात ओळ होती, 'मीनाला म्हणावं, सिताराम पण गणितात नापास झाला होता.' कमळाकरांनी ते कार्ड सोबत आणलं होतं. ते हातोहात फिरलं. मग आणखी दोघातिघांनी पिशव्यांतून कार्डं काढली. शोकसभेत दाखवायला आणली होती. एकानं घाईत विमा कंपनीचं पत्र उचलून आणलं होतं, तेही फिरलं.

गमरे कार्डं बघत राहिले. एकेक उलटं करून, सुलटं करून. "तुमी ठेवलीत ही?" एवढंच म्हणाले. आपण लिहिलेलं कुणी जपून ठेवलंय, हे माणसाला सहसा मेल्यावरही कळत नाही. त्यांना चहा पिता पिता कळलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला चुकून प्लास्टरचा हात उचलला गेला.

मग सभा झाली. अश्विननं माणसं मोजली, सेहेचाळीस भरली. तोच उठून म्हणाला, कार्डं आणि रजिस्टर चालू ठेवावं असा मी ठराव मांडतो, फक्त पुढच्या वेळी कोपरे ठेवा. अस्मितानं ठराव रजिस्टरात लिहिला. राहिली चिटणीसांची सही.

अश्विनच्या मनात काही नव्हतं. मंडळाच्या शिक्क्याचं पॅड शेजारीच होतं, त्यानं ते पुढे सरकवलं. "काका, उजवा हात नाय ना, अंगठा लावा, चालेल."

हॉलमध्ये जे वयस्कर होते ते एकमेकांकडे बघायला लागले. अश्विनला कळेना काय झालं. गमऱ्यांनी पॅडकडे बघितलं, शांतपणे झाकण लावलं आणि म्हणाले, "आमच्या घरातला शेवटचा अंगठा होऊन गेला, बाळा." मग मला म्हणाले, "मुस्तफाभाई, पेन उघडा."

मी टोपण काढून पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी निब टेकवली, पण डावा हात वळेना, अक्षराला सुरुवात कुठून करायची तेच कळेना. थांबले. परत टेकवली. आणि आधी रेघ ओढली. लांब, वाकडी, डुगडुगती रेघ. मग एकेक अक्षर तिच्यावर लटकवायला लागले. सि मोठी झाली, रा खाली घसरला. 'धाकू' लिहिताना जीभ दातांत धरली होती. सेहेचाळीस माणसं थांबून बघत होती. वेळ बराच लागला, पण कुणी खुर्ची वाजवली नाही.

सही झाल्यावर गमरे तिच्याकडे बघत बसले. मग मला जुनं रजिस्टर उघडायला लावलं, सगळ्यांत पहिलं. पानं उलटत त्यांनी एक पान शोधलं आणि दोन्ही रजिस्टरं शेजारी शेजारी ठेवली. तिथे 'गोजरा धाकू गमरे' अशी सही होती. सखूमावशी काठी टेकत उठली, वाकली, नव्या सहीच्या जवळ डोळे नेले. बहिणीच्या शेजारी बसून तीही तेव्हा पाटी गिरवायला शिकली होती.

"ही गोजराची हाय," ती म्हणाली.

गमरे हो म्हणाले. शाई अजून ओली होती. ती सुकेपर्यंत त्यांनी कुणाला रजिस्टर मिटू दिलं नाही.